गोगलगायींच्या बाई

बाईंना वेळ विचारायची सोय नव्हती. म्हणजे विचारली तर त्या सांगत, पण ऐकून आपल्याला नक्की काय कळलं हे आपल्यालाच कळत नसे. "अकरा ते अकरा दहा," घड्याळ डोळ्यांसमोर धरून त्या म्हणत, "कल अकरा चारकडे." घड्याळ चांगलं होतं. पण ते शेवटचं कधी लावलं आणि रोज किती पुढे पळतं हे माहीत असताना एकच आकडा सांगणं म्हणजे बाईंच्या मते थाप मारणं होतं. लग्नाला माणसं किती होती, तर दोनशे ते तीनशे. ताप किती होता, तर शंभर ते शंभर पॉइंट सहा. एकदा स्वारगेटला त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "आमच्या संस्थेपर्यंत किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

"कमीत कमी वीस की सरासरी वीस?"

रिक्षावाल्याने मीटरवरचा हात काढून घेतला. "काकू, बसताय की मी जाऊ?"

बाई बसल्या. उतरताना त्याला म्हणाल्या, "सव्वीस लागली. तुमचं वीस हे कमीत कमी होतं. पुढच्या गिऱ्हाइकाला तसं सांगा." मी शेजारीच होते आणि आपला या बाईंशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने रस्त्याकडे बघत होते.

टेकडीला लागून असलेल्या आमच्या संशोधन संस्थेत बाईंनी सगळी नोकरी काढली. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. कोणी नवखा मॅडम म्हणाला तर त्या मागे वळून बघत, कोण आलं म्हणून. त्या स्वतः सगळ्यांना अहो-जाहो करत, अगदी कॉलेजातून आलेल्या पोरांनासुद्धा. आणि रागावल्या की 'तुम्ही'चं 'आपण' होई. 'आपण हा तक्ता भरलात का?' असं ऐकलं की समोरच्याने बॅग उचलून घरी जावं हे बरं.

काम गोगलगायींचं. त्याही बागेतल्या नव्हेत, तळ्यातल्या, आणि निम्म्याहून अधिक मेलेल्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्हा वाहिला, मग थांबला, थंड झाला. त्यावर तळी साचली, तळ्यांत गोगलगायी झाल्या, आणि पुन्हा वरून लाव्हा आला. मधल्या गाळाचा दगड झाला, त्यातल्या शंखांचाही झाला. ते दगडी शंख बाईंच्या खोलीत लाकडी खणांमध्ये कापसावर नंबर घालून ठेवलेले असत. खणांवर बाईंच्या गोल अक्षरात चिठ्ठी होती: 'आतील सर्वजण मृत आहेत. तरी हळू हाताळावे.'

मी तिथे पोचले ती हिंजवडीहून. एका कंपनीत दोन वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करत होते. सकाळी कंपनीच्या बसमध्ये झोपायचं, संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये झोपायचं, मधे चुका शोधायच्या. काम वाईट नव्हतं, पण कशासाठी ते कोणी विचारलं तर मला सांगता आलं नसतं. तेवढ्यात संस्थेची जाहिरात दिसली. बाईंना वर्षभरासाठी प्रोग्रॅम लिहिणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत त्यांनी प्रोग्रॅमबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"गाव कुठलं?"

"यवतमाळकडचं."

त्या उठल्या आणि एक खण ओढून माझ्यासमोर ठेवला. "मग हे तुमच्याच गावाकडचे. ओळख लागते का बघा."

लागली. आमच्या गावामागच्या टेकाडावर असले दगड पडलेले असत. लहानपणी आम्ही ते वेचून लगोरी रचायचो. मी भाबडेपणाने ते सांगून टाकलं आणि बाईंचा चेहरा असा झाला की नोकरी गेली हे मला तिथेच कळलं.

"किती फोडलेत?"

"नक्की नाही सांगता येणार," मी म्हटलं. "पाच ते पन्नास."

नोकरी मिळाली.

बाबांना ते मुळीच आवडलं नाही. ते आमच्या तालुक्याच्या पोस्टात होते, नुकतेच निवृत्त झाले होते. पोरगी पुण्याला कंपनीत आहे हे त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. फोनवर म्हणाले, "गोगलगाई मोजाले गेली का तू पुण्याले? थ्या कंपनीत काय दुखत होतं तुले?" मग आईने फोन घेतला, मग पुन्हा त्यांनी. शेवटी तोड निघाली. एक वर्ष. वर्षात माझं नाव कुठे छापून आलं तर ठीक, नाहीतर मुकाट्याने हिंजवडीला परत.

हे शंख मोजून करायचं काय, हे मला पहिल्या आठवड्यात कळत नव्हतं. बाईंनी ते नाकावरून समजावलं. "आमच्या घरात सगळ्यांची नाकं लांब," त्या म्हणाल्या. त्यांचं होतंच. "काका, आत्या, चुलत भावंडं, सगळी पोपट. तेव्हा आम्ही ठरवून टाकलं की पणजोबांचंही नाक लांबच असणार. घराण्याचं नाक. मग ट्रंकेत फोटो सापडला. पणजोबांचं नाक बसकं, बटाट्यासारखं. नाक पणजीकडून आलं होतं." त्या माझ्याकडे बघून थांबल्या. "जिवंत नातेवाइकांना विचारून पूर्वज कसे होते ते ठरवता येतं, पण ते जिवंतांच्या सोयीचं निघतं. एक फोटो सापडला की सगळा हिशोब नव्याने करावा लागतो. हे शंख म्हणजे आपले फोटो."

तर आमचं काम असं: आजच्या गोगलगायींचा वंशवृक्ष मांडायचा, कोण कोणाची चुलत बहीण ते. त्यावर या मेलेल्यांना आपापल्या काळी आपापल्या फांदीवर बसवायचं. आणि मग शंखाची जाडी पिढ्यान्‌पिढ्या कशी बदलत आली याचा हिशोब प्रोग्रॅमकडून करून घ्यायचा. बाईंचं वीस वर्षांपासूनचं म्हणणं होतं की शंख हळूहळू जाड होत आला. खेकडे शंख फोडून खातात, ज्याचा पातळ तो गेला, जाड तो उरला, आणि असं कोट्यवधी वर्षं चाललं. त्यांनी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा असा हिशोब करायची साधनं नव्हती. लोकांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या. माना डोलावणं बाईंना नकारापेक्षा जास्त लागतं.

मोजायची त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक शंख तीनदा मोजायचा, तीन वेगळ्या दिवशी, आणि त्यातला एक दिवस दुसऱ्या माणसाने. आधीचा आकडा दिसू नये म्हणून वहीवर वर्तमानपत्र झाकायचं. आधीचा आकडा दिसला की हात आपोआप तिकडे झुकतो, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे, मी स्वतःवर करून पाहिलं. तिसऱ्या वेळी खोलीत बोलायचं नाही. शंख तुटका असेल, कड झिजलेली असेल, तर आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह. मी एकदा म्हटलं, "बाई, एवढंसंच तुटलंय, अंदाज करता येईल." त्यांनी हातातली व्हर्निअर मोजपट्टी खाली ठेवली. "आपण ज्योतिष बघता का?" मी प्रश्नचिन्ह घातलं.

हीच पद्धत त्या मंडईत घेऊन जात. भाजी निवडून घ्यायची नाही. निवडून घेतलेली वांगी म्हणजे खोटा नमुना, त्यावरून ढीग कसा आहे ते कधीच कळणार नाही. म्हणून बाई ढिगाकडे पाठ करून, हात मागे नेऊन, हाताला लागतील ती वांगी उचलत. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत राहत. पहिली काही वर्षं भाजीवालीची चैन झाली असणार. पण मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले तोवर ती मावशी विरघळली होती. बाई पाठ करून उभ्या राहिल्या की ती चटकन चांगली वांगी त्यांच्या हाताखाली सरकवायची आणि माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवायची. वांग्यांचा दर्जा सुधारत असल्याचं बाईंनी एकदा मला गंभीरपणे सांगितलं होतं. मी मान डोलावली.

असे दहा महिने गेले आणि मला सांगायला हरकत नाही, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दहा महिने होते. प्रोग्रॅम चालला. आणि काय चालला! मेलेल्यांना वंशवृक्षावर बसवल्याबरोबर पडद्यावर रेघ उमटली ती डावीकडून उजवीकडे जिना चढावा तशी चढत गेलेली. शंख हळूहळू जाड होत आला होता, बाई म्हणत होत्या तस्साच. बाईंनी ती रेघ बोटाने खालून वरपर्यंत गिरवली. मग म्हणाल्या, "चहा घेऊ." चहा त्यांनी पाजला. लेख लिहिला, छापून आला, पहिलं नाव बाईंचं, दुसरं माझं. बाबांनी त्याची प्रत पोस्टातल्या सगळ्यांना दाखवली. इंग्रजी कोणी वाचलं नसेल, पण नाव सगळ्यांनी वाचलं.

आता उरली होती फक्त समितीची बैठक. प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की नाही हे तिथे ठरणार होतं, आणि प्रकल्प राहिला तर मी राहणार होते. छापलेला लेख हातात असताना काळजीचं कारण नव्हतं. बैठकीला दहा दिवस असताना, दुपारी जेवण झाल्यावर, मी समितीला दाखवायला वंशवृक्षाचं मोठं चित्र काढायला घेतलं. फांद्यांना रंग दिले. जिवंतांना हिरवा, मेलेल्यांना करडा. आणि रंग दिल्यावर मला दिसलं ते इतके दिवस का दिसलं नाही हे मला आजही सांगता येत नाही. सगळ्या फांद्या उजवीकडे एकाच रेषेवर येऊन संपत होत्या. ती रेषा आजची. हिरव्या तिथेच संपायला हव्यात, बरोबर. पण करड्याही तिथेच संपत होत्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेली गोगलगाय माझ्या चित्रात आज सकाळपर्यंत जिवंत होती.

चूक लगेच सापडली, कारण ती मीच लिहिली होती. पहिल्या महिन्यात, वंशवृक्षावर फक्त जिवंत असताना, दशांशातल्या बारीक फरकांमुळे प्रोग्रॅम कुरकुर करायचा. म्हणून मी एक ओळ घातली होती: सगळी टोकं ओढून आजच्या रेषेला आणा. तेव्हा ते योग्य होतं. नंतर मेलेल्यांना वृक्षावर बसवलं आणि ती ओळ तशीच राहिली, म्हणजे कुठला शंख कुठल्या काळचा हेच हिशोबातून पुसलं गेलं. मी दोन वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला होता. स्वतःची एक ओळ मला दिसली नव्हती.

मी चित्र बंद केलं. कोणालाही सांगितलं नाही. बाई प्रोग्रॅम कधी उघडून बघत नसत. "मला गोगलगाय कळते, हे तुमचं तुम्ही बघा," असं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे मी गप्प बसले तर जगात कोणाला कळणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन दिवस मी मूठ झाकून बसले. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. बाईंनी नुसतं "तो तक्ता द्या" म्हटलं तरी मी भलताच तक्ता पुढे करायचे. हिंजवडीच्या जुन्या साहेबांना मी निरोपसुद्धा लिहिला, जागा आहे का म्हणून, आणि पाठवला नाही. खरं सांगायचं तर मला नोकरीपेक्षा बाईंची ती रेघ मोडायची भीती वाटत होती. वीस वर्षं माना डोलावून घेतल्यावर त्यांना एकदा ती दिसली होती, आणि ती मी काढलेली खोटी रेघ होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीत गेले. वहीवर वर्तमानपत्र होतं, म्हणजे तिसरी मोजणी. मी भिंतीला टेकून उभी राहिले. चार शंख होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही, आणि ते चार शंख मला फार लांबले.

"बोला."

"बाई, लेखात चूक आहे. माझी."

"कमीत कमी केवढी आणि जास्तीत जास्त केवढी?"

"जास्तीत जास्त सगळाच लेख."

मी चित्र पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा सारखा केला. एक करडी फांदी बोटाने डावीकडून उजवीकडे गिरवत आणली आणि बोट आजच्या रेषेवर थांबलं. मी 'आपण'ची वाट बघत होते.

"हे आजपर्यंत जगले असं धरलंत तुम्ही?"

"प्रोग्रॅमने धरलं. मी धरायला लावलं."

"साडेसहा कोटी वर्षं," बाई म्हणाल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "बिचाऱ्या. केवढं जगवलंत हो त्यांना." मग हसू ओसरलं आणि त्यांनी विचारलं, "दुरुस्त करून चालवायला किती वेळ?"

"वीस ते चाळीस मिनिटं."

एकतीस लागली. नवी रेघ पडद्यावर आली. ती चढत नव्हती. कधी वर, कधी खाली, पुन्हा वर, चार पावलं जाऊन घुटमळणाऱ्या माणसासारखी. शंख हळूहळू जाड झाला नव्हता. कधी जाड झाला होता, कधी पातळ, आणि का, ते या शंखांवरून सांगता येत नव्हतं. बाईंनी ती रेघ पाहिली, प्रोग्रॅम पुन्हा चालवायला सांगितला, पुन्हा तीच आली. तिसऱ्यांदा चालवायला सांगताना त्यांनी जुन्या दोन्ही रेघा बंद करायला लावल्या. तिसऱ्यांदाही तीच.

"चला, मंडईत जाऊ," त्या म्हणाल्या. दुपारचे तीन वाजले होते. पाचच्या आधी त्यांना खोलीतून बाहेर पडताना मी पाहिलं नव्हतं.

रिक्षावाल्याला त्यांनी किती वेळ लागेल ते विचारलं नाही. मंडईत त्या वांग्यांच्या ढिगापुढे उभ्या राहिल्या आणि पाठ न फिरवता एकेक वांगं उचलून, देठ बघून, दाबून निवडू लागल्या. मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"बरं नाही का ताई आज?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या. "आज एक तरी गोष्ट मनासारखी होऊ दे." मला तिथे रडू आलं. बाईंनी पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "धरा नीट. टोमॅटो वर ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या आल्या. लेख छापणाऱ्या मासिकाला पाठवायचं दुरुस्तीचं पत्र लिहून आणलं होतं. समितीच्या बैठकीत पहिलंच चित्र त्यांनी माझ्या त्या करड्या-हिरव्या वंशवृक्षाचं लावलं आणि चूक कुठे, कशी, कधीपासून ते सांगितलं. मग नवी रेघ. समितीतले एक निवृत्त गृहस्थ पेन बंद करत म्हणाले, "म्हणजे आपल्याला जे सापडलं होतं ते नाही. मग पुढचे पैसे आम्ही कशाला मंजूर करायचे?"

"दोन कारणं," बाई म्हणाल्या. "एक, का ते सांगता येत नाही हे आता खरोखर कळलंय, आणि कुठले शंख मिळाले तर सांगता येईल तेही. यादी शेवटच्या पानावर आहे. दुसरं, प्रोग्रॅम लिहिणारे पुष्कळ मिळतात. लेख छापून आल्यावर आपली चूक आपण घेऊन येणारे माझ्या सगळ्या नोकरीत किती पाहिले म्हणाल, तर शून्य ते एक." त्यांनी कागद गोळा केले. "त्या एक इथे बसल्या आहेत. त्या राहणार नसतील तर शंखही परत खणात जातील, आणि मी घरी."

तीन वर्षं मागितली होती, दोन मिळाली. बाई त्या दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. अजून मंगळवारी येतात, साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान. त्या यादीतले काही शंख माझ्या गावामागच्या टेकाडावर आम्ही दोघींनी जाऊन शोधले. त्यांनी मला लगोरीची जागा दाखवायला लावली आणि तिथले फुटके तुकडे तीनदा मोजले. पण ते नंतरचं.

बैठकीनंतर तीन महिन्यांनी मासिकात दुरुस्ती छापून आली. एकच पान. मी ती बघितली आणि बाईंकडे गेले, कारण नावांचा क्रम उलटा होता. पहिलं माझं, दुसरं त्यांचं.

"छापणाऱ्यांची चूक झालीय," मी म्हटलं.

"झालेली नाही. मी तसंच लिहिलं होतं. खाली वाचा."

खाली वाचलं. मग दिवसभर काही काम झालं नाही. बाबांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. गावभर दाखवलेला कागद खोटा होता हे कसं सांगायचं? पण ते सांगितल्याशिवाय मी इथे राहते आहे असं मला म्हणता येत नव्हतं. संध्याकाळी टेकडीवर जाऊन फोन लावला.

"बाबा, तुम्ही तो लेख सगळ्यांना दाखवला ना, तो चुकला होता. चूक मी केली होती. आता ती चूक छापून आली आहे."

"नाव टाकून?" बाबांनी विचारलं.

"हो. आधी माझं, मग बाईंचं."

"पयल्या लेखात कोणाचं आधी होतं?"

"बाईंचं."

"वा," बाबा म्हणाले. जन्मभर पाकिटांवरची नावं वाचलेला माणूस. "नाव होतं तवा बाई पुढं, अन् चुकी निंगाली त तुले पुढं केलं. म्याच सांगत होतो तुले. बॅग भर अन् ये."

"बाबा, खाली बाईंनी दोन ओळी लिहिल्या आहेत. मराठीत सांगते. 'ही चूक पहिल्या लेखिकेने स्वतः शोधली आणि कोणी न विचारता सांगितली. ती आधी लक्षात न येण्याची जबाबदारी दुसऱ्या लेखिकेची आहे.'"

बाबांनी त्या ओळी मला पुन्हा वाचायला लावल्या.

"दुसरी लेखिका म्हंजे तुही बाई?"

"हो."

"अन् हे तिनं सोताच्या हातानं लिहलं? इंग्रजीत? सगळ्यायले वाचता येईन असं?"

"हो."

"मंग तू तिथंच राह्य," बाबा म्हणाले.